श्रीखंडाच्या डब्यातला पिकअप

“पिकअप बदलायचा विचार चाललाय,” असं मी फोनवर सहज बोलून गेलो आणि तिकडून, कराडहून, सासऱ्यांनी लगेच विचारलं, “किती टनाचा घेताय, जावईबापू?”

चूक त्यांची नव्हती. त्या बाजूला पिकअप म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. तिच्यातून टोमॅटोची क्रेटं जातात, शेळ्या जातात, वेळ पडली तर अर्धं वऱ्हाडही जातं. मी घाईघाईनं खुलासा केला, “ती गाडी नव्हे. गिटारचा पिकअप. शंभरेक ग्रॅमचा असतो.” फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “मग त्याला विचार कसला? आणून टाका.”

आता त्यांना कसं सांगणार, की या शंभर ग्रॅमांचा विचार मी अकरा महिने करतोय. तेवढ्या काळात त्यांच्या भावकीत दोघांनी खराखुरा पिकअप घेतला आणि एकाचे हप्ते थकलेसुद्धा.

माझं वय सत्तेचाळीस. डोंबिवली पूर्वेला राहतो, एका कंपनीत लेखा विभागात काम करतो आणि रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा हेवी मेटल वाजवतो. ही वेळ सोसायटीनं ठरवून दिली आहे, रीतसर सभेत, पाण्याच्या टाकीच्या विषयानंतर आणि ‘आयत्या वेळचे विषय’ यांच्या आधी. कॉलेजात असताना आमचा बँड होता. तेव्हा केस लांब ठेवायचे दिवस होते; आता आहेत ते ठेवायचे दिवस आहेत. गिटार मात्र तीच. काळी, वरच्या अंगाला दोन टोकदार शिंगं असलेली. आई तिला अजून ‘ते शिंगाळं’ म्हणते आणि दसऱ्याला तिच्यावरही न चुकता झेंडूचं फूल ठेवते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला सहसा पोट नसतं. साध्या गिटारची पेटी पोकळ असते, तार हलली की ती घुमते. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव पाट. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही, आणि घरच्यांच्या मते तिनं तिथंच थांबायला हवं होतं. तिला आवाज देतो तो पिकअप. लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेची हजारो वेटोळी. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि वेटोळ्यात वीज उठते. मायकेल फॅरेडेनं 1831 साली जे दाखवून दिलं, तेच. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, 1931 च्या सुमारास, जॉर्ज बोशाम्प नावाच्या हवाइयन गिटार वाजवणाऱ्यानं घोड्याच्या नालासारखी दोन चुंबकं तारांवर वाकवून बसवली आणि चालणारा पिकअप केला. ती गिटार दिसायला इतकी थेट तव्यासारखी होती, की तिला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव पडलं. म्हणजे या वाद्याची सुरुवातच स्वयंपाकघरातून झाली. हे मी घरी वारंवार सांगत असतो, उपयोग होत नाही.

या वेटोळ्याची तार 0.06 मिलिमीटर जाडीची. जुन्या पद्धतीच्या दुहेरी, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपमध्ये एकेका वेटोळ्याला पाच हजारांच्या आसपास वेढे असतात. एकदा कागदावर हिशेब मांडला. लेखा विभागातल्या माणसाला मोह आवरत नाही. सगळी तार उलगडली तर जवळजवळ दीड किलोमीटर भरते. आमच्या घरापासून डोंबिवली स्टेशनपर्यंत, वाटेत भाजी घेऊन.

मग प्रश्न येतो, कुठला घ्यायचा. आणि इथं माणूस बुडतो.

वरवर पाहता निवड दोन-तीन गोष्टींची आहे. वेढे वाढवले की जोर वाढतो. पण वेढे वाढवत गेलात की वरच्या सुरांची धार कमी होते, आवाज मऊ आणि मग गढूळ होत जातो. चुंबक अल्निकोचं, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचं असेल तर आवाजाला थोडी माया असते. सिरॅमिकचं, म्हणजे लाउडस्पीकरमागे जे काळं कडं असतं त्या जातीचं असेल तर आवाज ताठ, खणखणीत. हेवी मेटलला खालच्या जाड तारा तळहाताच्या कडेनं दाबून वाजवतात, त्यातून चग-चग-चग असा आवाज निघतो. तो चग जिथल्या तिथं थांबला पाहिजे. ओघळला की संपलं. पाण्यात भिजलेल्या चकलीला चकली म्हणत नाहीत, तसंच.

पाहा, मीही शेवटी चकलीवर आलोच. या विषयात कुणालाच टाळता येत नाही. आवाजाबद्दल बोलायला माणसाकडे स्वतःचे शब्दच नाहीत, सगळे जिभेकडून उसने आणलेले. एक म्हणतो क्रीमी, दुसरा म्हणतो क्रंची, तिसरा म्हणतो मिड्समध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, मांस कमी आहे. माझा एक जुना मित्र, आमच्या बँडचा बेस वाजवणारा, एका पिकअपविषयी गंभीरपणे म्हणाला होता, “चांगला आहे रे, पण साबुदाण्यासारखा वाटतो.” मला पुढे एकही शब्द विचारावा लागला नाही.

बरं, नावं तरी धड असावीत. बनवणाऱ्यांनी ती युद्धखात्याला विचारून ठेवलेली दिसतात. सेमोर डंकन कंपनीचा इन्व्हेडर, म्हणजे आक्रमक. इंग्लंडातल्या बेअर नकल कंपनीचा नेलबॉम्ब, वॉरपिग, आफ्टरमॅथ. शेवटच्याचा अर्थ ‘नंतरची हानी’ असा लावायला हरकत नाही. हे सगळं बायकोसमोर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय नाही. एकदा तिनं विचारलं, “यात शांत स्वभावाचा कुठला नाही का?” आहे. पण त्याचं नाव जॅझ. आणि गंमत म्हणजे कित्येक मेटलवाले तोच गळ्याशेजारच्या जागेवर लावतात. ही बातमी मी घरी अजून दिलेली नाही.

यानंतर माणूस आकड्यांच्या मागे लागतो. पिकअपच्या वेटोळ्याचा विद्युतरोध किलोओहममध्ये मोजतात आणि जाहिरातीत छापतात. जुन्या घाटाचा पिकअप सात-आठचा, दणदणीत म्हणवणारा तेरा, चौदा, सोळाचा. मला वाटायचं, जेवढे ओहम तेवढं मेटल. सहा महिने मी ताळेबंद करून ठेवला होता, कंपनी, ओहम, किंमत, शेरा. मग कळलं की तार जरा बारीक घेतली तरी रोध वाढतो, जोर वाढतोच असं नाही. म्हणजे आपण माणसाची ताकद त्याच्या रक्तदाबावरून ठरवत होतो. तो तक्ता अजून संगणकात आहे. पुसवत नाही.

मधल्या काळात मी इतिहासात शिरलो. निर्णय लांबवायचा असेल तर इतिहासासारखी जागा नाही.

सुरुवातीच्या पिकअपला एकच वेटोळं असे, आणि एक वेटोळं म्हणजे छानपैकी अँटेना. आसपासच्या विजेची घूं ते इमानेइतबारे पकडतं. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे महावितरणचा सूर खालच्या जी स्वराच्या किंचित वर लागतो. अमेरिकेत वीज 60 आवर्तनांची, तिथली घूं वरच्या पट्टीत. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा, रेडिओच्या कामात मुरलेला माणूस होता. त्यानं 1955 मध्ये तोड काढली. एक नको, दोन वेटोळी घ्या, आणि दुसऱ्याचं सगळंच उलटं करा, वेढ्यांची दिशाही आणि चुंबकाचा ध्रुवही. बाहेरची घूं दोन्हींत सारखीच शिरते, पण वेटोळी एकमेकांविरुद्ध असल्यानं जुळताना ती शून्य होते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा होतो आणि दोघांचा मिळून वाढतो. एका घरातल्या दोन जावांसारखं. बाहेरच्यानं आणलेली कागाळी दोघींत फिरून तिथंच जिरते. घरचं कार्य निघालं की दोघींचा जोर एकत्र लागतो. घूं मोडतो म्हणून त्याचं नाव हमबकर.

पेटंट मिळायला 1959 उजाडलं. त्या वर्षांत पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी डकवत. आज त्या चिठ्ठीवाल्या पिकअपांना लोक लाखांनी पैसे मोजतात. सरकारदरबारी अर्ज पडून राहिल्यानं मालाची किंमत वाढली, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि पेटंट मिळाल्यावर कंपनीनं चिठ्ठीवर जो क्रमांक छापला तो या पिकअपचा नव्हताच, तारा अडकवायच्या एका पट्टीच्या पेटंटचा होता. नकलाकारांना चकवायला, की कुणा कारकुनाचा घोळ, यावर लोक अजून वाद घालतात. मी कारकुनाच्या बाजूनं आहे.

पण या सगळ्या इतिहासात मला खरा अडकवला तो टोनी आयोमीनं. बर्मिंगहॅमचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. कामाचा शेवटचा दिवस, बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं. त्या दिवशी यंत्रात हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. तो जिप्सी गिटारवाला आगीत जखमी झालेल्या हाताच्या दोन बोटांवर सगळं वाजवत असे. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा दुखतात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमच्या वेळी तारा दीड सूर खाली उतरवल्या, म्हणजे त्या आणखी सैल पडल्या. त्या सैल तारांतून जो जड, काळा आवाज आला, तो सगळ्या हेवी मेटलनं पुढे वारसा म्हणून घेतला.

आणि त्याच्या गिटारमध्ये पिकअप कुठला होता? त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला. ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलेलं. ते सुरू असताना त्याच्या एका गिटारचा पिकअप बंद पडला, म्हणून त्यानं दुसरी, गिब्सन एसजी, उचलली. तिच्यावर होते पी-90. एकेरी वेटोळ्याचे, घूं करणारे. ज्या आवाजाच्या मागे माझ्यासारखे लोक किलोओहमचे तक्ते करत बसतात, तो आवाज एकेरी वेटोळं, बंद पडलेली पहिली गिटार आणि वितळलेली बाटली यांच्यातून निघाला. हे वाचून मी तक्ता बंद केला. दोन दिवसांनी पुन्हा उघडला.

विजेवर चालणाऱ्या, म्हणजे अॅक्टिव्ह पिकअपचा मोह मला कधी झाला नाही. त्याला कारण आहे. वेढे कमी, आत छोटं प्रवर्धक, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. घूं जवळजवळ नाही आणि धार अशी की सुरी पडावी. मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डनं ईएमजी 81 हा असाच पिकअप लावला आणि एक पिढी त्याच्या मागे गेली. पण या गिटारला वेगळं बटण नसतं. केबल खोचली की बॅटरी सुरू, उपसली की बंद. आमच्या कॉलेजातल्या एका गिटारवाल्यानं फेस्टच्या आदल्या रात्री सराव केला आणि केबल तशीच ठेवून झोपला. बॅटरी आधीच म्हातारी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्यात तिनं प्राण सोडले. आधी आवाज फाटला, ते लोकांना आवडलं. मग खोकला आला, मग गेलाच. ड्रमर बिचारा एकटा चार मिनिटं वाजवत राहिला, तोवर कुणीतरी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरची बॅटरी काढून आणली. त्या मल्टिमीटरवर पुढे कुणाचं तरी प्रॅक्टिकल अडलं असणार. तेव्हापासून ज्या वाद्याला सेल लागतात ते मला भिंतीवरच्या घड्याळासारखं वाटतं.

शेवटी निर्णय आठवणीनंच केला. मार्च 2007 मध्ये आयर्न मेडन हा बँड घेऊन त्याचे वादक बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवायला आले होते. कल्याणहून उद्यान एक्सप्रेसनं आम्ही चौघं गेलो होतो, पुरणपोळ्या बरोबर घेऊन. त्यांच्यातल्या डेव्ह मरेची गिटार त्या गर्दीतून मला चण्याएवढी दिसत होती, पण तो गोल, लांबत जाणारा सूर अजून कानात आहे. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा त्याच्या जुन्या गिटारचा ओळखीचा पिकअप. 1972 च्या सुमाराचा, सिरॅमिक चुंबकाचा, तेरा-चौदा किलोओहमचा. कारखान्यातून आलेला पिकअप काढून दुसरा लावायची चाल ज्याच्यापासून पडली, तो हाच. नव्या पिढीच्या हिशेबानं हा म्हातारा. मला तेवढंच बरं वाटलं.

न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगितलं. त्यानं बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि झिपलॉकच्या पिशव्यांमध्ये तो नीट बसवून आणला. “मामा, तुमची गिटार तर चालतेय ना?” हातात देता देता त्यानं विचारलं. मी म्हटलं, “चालतेय रे.” “मग?” तो म्हणाला. मुलं अमेरिकेत राहून फार सरळ बोलायला शिकतात.

त्या रविवारी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली. तारा काढल्या. जुन्या पिकअपचे दोन बाजूंचे स्क्रू सोडवले. या स्क्रूंवर एकेक बारीक स्प्रिंग असते, तिच्या दाबावर पिकअप तरंगतो. पहिली स्प्रिंग हाती आली. दुसरी उडाली. ती कुठं गेली हे कळायला ‘टिक’ असा एक आवाज एवढाच पुरावा. अर्धा तास मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा. मग डोक्यात आलं की हातात आहे काय? लोहचुंबक. जुन्या पिकअपला सुतळी बांधली आणि फ्रिजखाली सरकवून झाडूसारखा फिरवला. पहिल्या फेरीत दोन आकडे आणि एक सेफ्टी पिन. दुसऱ्या फेरीत लेकीच्या कंपासपेटीतलं हरवलेलं कर्कटक. तिसऱ्या फेरीत स्प्रिंग, धुळीच्या गाठोड्यासह. माझ्या गिटारचा पिकअप इतकं नेमकं काम करताना घरच्यांनी प्रथमच पाहिला. आईनं विचारलं, “चांगला आहे की. हा का काढतोस?”

मग डाखणं. पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर निघते. कोणती कुठं हे दाखवणारी आकृती माझ्या जुन्या वहीत होती, कॉलेजच्या काळात हातानं उतरवलेली. काळी वायर आवाजाची, हिरवी आणि उघडी जमिनीची, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. मी तंतोतंत तसंच केलं. राळेच्या धुराचा तो वास आला आणि क्षणभर मी वीस वर्षांचा झालो. तारा चढवल्या, सूर लावले, अँप चालू केला आणि खालच्या दोन तारांवर हात टाकला.

डास.

सांगतो ना, डास. चिं असा पातळ, पोट नसलेला आवाज, आणि त्याच्या पाठीमागे भरभक्कम घूंऽऽ. अकरा महिने, तेरा किलोओहम, न्यू जर्सी, आणि हा डास! मी अँपला दोष दिला, मग केबलला, मग महावितरणला. रात्री अकरा वाजता लक्षात आलं. माझ्या वहीतली आकृती सेमोर डंकनच्या रंगांची. पिकअप डिमार्झिओचा. त्याच्याकडे लाल वायर आवाजाची, आणि काळी-पांढरी जोडायची. रंग तेच, घराणं वेगळं. मी दोन वेटोळ्यांपैकी एक उलटं जोडून बसलो होतो. त्यामुळे सेथ लव्हरची युक्ती अक्षरशः उलटी फिरली. तारेचा आवाज एकमेकांत जिरला आणि घूं दुप्पट झाली. दोन जावांमध्ये मी, पुरुषमाणूस, मध्ये पडलो होतो.

पुढच्या रविवारी वायरी फिरवल्या. आणि मग जो आवाज आला त्याबद्दल मी चकली, साबुदाणा काही म्हणणार नाही. अँपवर गेन, म्हणजे आवाज फाडायचं, डिस्टॉर्शनचं बटण, आठवर नेला आणि एक तास भान हरपून चग-चग केली.

सव्वाअकराला दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या गाणं शिकवतात; घरात मिरजेचे दोन तानपुरे आहेत. मी गिटार गळ्यात तशीच घेऊन दारात. “काकू, फार आवाज झाला का?”

“आवाजाचं काही नाही रे, तुझी वेळ आहे. हा तुमचा डबा द्यायला आले.” डबा माझ्या हातात देऊन त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. “एक सांगू? जवारी फार उघडली आहेस. नुसती झणझण ऐकू येते, सूर कुठाय ते कळत नाही. जरा बंद कर.”

मी दारात उभा. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीचा घासून घासून केलेला तो उतार. त्याच्यावर तार अलगद घासते, खाली सुताचा धागा सरकवतात, आणि एका तारेतून तिचे वरचे सगळे स्वर उमलतात. मिरजेला घराणी घासताहेत पिढ्यान्‌पिढ्या. डिस्टॉर्शन दुसरं काय करतं? लहरीचे माथे छाटतं, त्यातून वरचे स्वर निघतात. काकूंना पिकअपचे ओहम माहीत नव्हते, अँपवरचं गेनचं बटण माहीत नव्हतं. पण बिघाड कुठल्या स्क्रूत आहे ते त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं.

“आणि हे दोन स्वर कुठले वाजवतोस सारखे?” त्यांनी विचारलं. मेटलमध्ये बहुतेक काळ पूर्ण कॉर्ड नसतो. मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढंच, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण इतक्या डिस्टॉर्शनमध्ये मधला गंधार घातला तर सगळं कालवून जातं. सा आणि प यांचं नातं तीनास दोन इतकं साधं, ते छाटूनही शाबूत राहतं. मी म्हटलं, “षड्ज आणि पंचम, काकू.”

“तानपुऱ्याचेच की,” त्या म्हणाल्या. “तासभर नुसतं सा-प लावणं चांगलंच. गाणं कधी सुरू करतोस?”

त्या गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला. तार शेवटच्या पट्टीवर दाबून पिकअप आणि तार यांच्यामध्ये रुपयाचं नाणं घालून पाहिलं. एकही धड शिरेना. जोर मिळावा म्हणून मी पिकअप तारांच्या पार नाकाशी नेऊन ठेवला होता. इतक्या जवळ आलं की चुंबक तारेलाच ओढतं, तिला मोकळं हलू देत नाही. दोन्ही स्क्रू थोडे थोडे सोडत गेलो. आता दोन नाणी बसतात. गेन आठवरून पाचवर आणला. चग जिथल्या तिथं थांबायला लागला.

“हे दोन आटे तू जुन्या पिकअपला दिले असतेस तर?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. लेखापरीक्षणात काही प्रश्नांना ‘नोंद घेतली’ असं उत्तर देतात. मी नोंद घेतली.

जुना पिकअप काकूंनी परत केलेल्या त्याच श्रीखंडाच्या डब्यात ठेवला आहे. आठ किलोओहमच्या आसपास, अल्निको चुंबक, चार वायरींचा, ब्रिजच्या जागेवर चालेल. फ्रिजखालच्या कामाचा अनुभव आहे. कुणाला हवा असेल तर रविवारी साडेअकरानंतर येऊन घेऊन जावा. पैसे नकोत. डबा तेवढा आठवणीनं परत करायचा.